पारा उडालेला आरसा घ्यावा का? दादरच्या एका घरातलं प्रकरण

शिवाजी पार्कमागच्या गल्लीतली तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि या कुटुंबाला अकराव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर मिळालं. घरात माणसं तीन: दादा, वहिनी आणि दादांची आई, म्हणजे काकू. माझं काम घरांच्या अंतर्गत सजावटीचं. फर्निचर, रंग, दिवे सगळं मार्गी लागलं, तरी हॉलमधल्या आरशाचा विषय लोंबकळतच राहिला होता. हे प्रकरण तेवढ्यापुरतंच आहे.

वहिनींना मोठा अँटिक आरसा हवा होता, शक्यतो पुरुषभर उंचीचा, भिंतीला टेकवून उभा करता येईल असा. हॉल अरुंद आहे, तो मोठा वाटावा ही इच्छा. दादांची अट पैशांची: पन्नास हजारांत सगळं, भिंतीवर बसवण्याच्या खर्चासकट. काकूंची अट सगळ्यांत रोखठोक होती. "पारा उडालेला आरसा मला घरात नको. पैसे मोजून डाग कशाला विकत आणायचे?" काकूंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. जुना आरसा घ्यायचा तर डाग आलेच, आणि या घरात आरशासमोर सगळ्यांत जास्त वेळ उभं राहणारं माणूस काकूच.

आधी भिंत

बाजारात जाण्याआधी भिंत ठरवली पाहिजे, यावर मी अडून बसते. आरसा खोली मोठी करतो हे अर्धंच खरं. तो समोर जे असेल त्याची जोडी लावतो. समोर पसारा असेल तर पसारा दुप्पट.

यासाठी मी एक साधा प्रकार करते. हव्या त्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद भिंतीला चिकटवायचे, त्या जागी कुणीतरी साधा आरसा सपाट धरायचा आणि बाकीच्यांनी घरात नेहमी जिथे बसतात तिथे बसून बघायचं. दादांनी बाथरूममधला आरसा काढून आणला. वहिनींच्या मनात होती ती सोफ्यासमोरची भिंत. तिथे आरसा धरल्यावर सोफ्यावरून स्वयंपाकघराचं सिंक आणि मिक्सर दिसायला लागले. शिवाय त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. मुंबईत बाथरूमची सामाईक भिंत आज कोरडी असली तरी दोन पावसाळ्यांनी कोरडी राहीलच असं नाही, आणि ओल ही आरशाच्या पाठीची सगळ्यांत मोठी वैरीण. ती भिंत बाद. दुसरी भिंत खिडकीसमोरची. घर पश्चिमेचं, त्यामुळे संध्याकाळी पाचच्या सुमारास उन्हाचा झोत आरशावरून थेट टीव्हीवर यायचा. तीही बाद.

राहिली मुख्य दाराला लागून असलेली बाजूची भिंत. तिथे खिडकीचा उजेड तिरपा येतो, सोफ्यावरून पुस्तकांचं कपाट दिसतं, आणि दार उघडल्यावर आरसा समोर येत नसल्याने वास्तूचा मुद्दाही उरला नाही. (वास्तूवर मी वाद घालत नाही. घरातल्या माणसाला रोज खटकणार असेल, तर कारण काहीही असो, ती जागा चुकीचीच.)

पण भिंत बदलली तसं आरशाचं कामही बदललं. दाराजवळचा आरसा म्हणजे बाहेर पडताना टिकली, केस, साडीचा काठ बघायचा आरसा. तो नुसता शोभेचा असून चालणार नव्हता.

किती मोठा?

पूर्ण उंचीचं प्रतिबिंब दिसायला पूर्ण उंचीचा आरसा लागत नाही. आरसा सरळ उभा असेल तर आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो, मग दोन फुटांवर उभे राहा की दहा फुटांवर. शाळेत शिकलेली ही गोष्ट आरसा घेताना कुणालाच आठवत नाही. वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मध्यावर हवी, खालची कड डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर.

काकूंची उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे ५९ इंच. डोळे साधारण ५४ वर. खालची कड २७ इंचांवर. दादा पाच फूट दहा, म्हणजे ७० इंच. डोळे ६५-६६ वर. वरची कड ६८ इंचांवर. तिघांनाही पुरेल अशी काच झाली ४१ इंचांची. सहा फुटी आरशाची गरजच नव्हती, आणि बाजारात ही माहिती हातात असणं म्हणजे निम्मी घासाघीस आधीच झालेली असणं. मोठा जुना आरसा महाग असतो, जड असतो आणि लिफ्टमध्ये मावत नाही. भिंतीला टेकवून ठेवायचा बेतही इथेच निकालात निघाला, कारण कललेल्या आरशात हे गणित बिघडतं.

याच आकड्यांवरून मी भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलने एक पट्टा आखला: ५१ ते ६८ इंच. काकूंच्या हनुवटीपासून दादांच्या माथ्यापर्यंत सगळे चेहरे या पट्ट्यात दिसणार. हा पट्टा स्वच्छ हवा. त्याबाहेर डाग असले तर चालतील का, हा प्रश्न मी काकूंना तेव्हा विचारला नाही, मुद्दामच.

मटण स्ट्रीटवरचा आरसा

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जायचं तर शुक्रवार सोडून. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावरचा जुना बाजार भरतो. तिथे घासाघीस करत आरसा तपासायला निवांतपणा मिळत नाही.

एका दुकानात वहिनींना लगेच आवडलेला आरसा होता. कोरीव वेलबुट्टीची गडद चौकट, काचेवर काळसर ठिपके, वर मोराचा तुरा. सांगितलेली किंमत ८५ हजार. "डेढ सौ साल पुराना, बेल्जियम ग्लास, पारसी बंगले का माल." पारशी बंगल्याचं मी मनावर घेत नाही. विकायला येणारे सगळे आरसे पारशी बंगल्यांतले असते, तर मलबार हिलवर उभं राहायला जागा उरली नसती. बेल्जियमचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम काचेचा मोठा निर्यातदार होता हे खरं, पण आपल्या बाजारात जाड, कडेला पैलू पाडलेली कुठलीही जुनी काच बेल्जियमच म्हणून विकली जाते.

जुन्या आरशात तीन वेगळ्या वस्तू असतात: चौकट, काच आणि पाठ. तिघींचं वय एकच असेल असं नाही. किंमत मात्र तिघींतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या वस्तूच्या वयाने लावली जाते. म्हणून एकेक तपासायची.

चौकट खरी जुनी होती. साग, वजनदार, कोरीवकामात दोन बाजूंची पानं तंतोतंत सारखी नाहीत, म्हणजे हातचं काम. मागच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवला तर पॉलिश चिकट झालं. लाखेचं पॉलिश असं विरघळतं, आजचं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) विरघळत नाही.

काचेपाशी गडबड सुरू झाली. नखाचं टोक काचेला टेकवलं की नख आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसते. ट्रायल रूममधला पलीकडून आरपार दिसणारा आरसा ओळखायची युक्ती म्हणून हे व्हॉट्सॲपवर फिरत असतं. तिथे त्याने काही सिद्ध होत नाही, पण काच किती जाड आहे याचा अंदाज मात्र येतो. इथे फट अगदी बारीक, म्हणजे काच पातळ. पैलूही धारदार आणि सगळीकडे एकसारखा. जुना हातचा पैलू रुंद आणि इतका उथळ असतो की डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे सुरू झाला ते चटकन कळत नाही.

आणि ठिपके. आरसा खरा म्हातारा होतो तो कडांपासून. पुसताना पाणी खालच्या पट्टीत झिरपतं, तिथून काळेपणा वर चढतो. मागच्या फळ्यांच्या सांध्यातून हवा शिरते, तिथे उभी रेघ उमटते. डागांना कारण असतं, म्हणून त्यांना जागा असते. या आरशावर ठिपके पावसाच्या शिंतोड्यांसारखे सगळीकडे सारखे पसरलेले होते आणि कडा मात्र लख्ख. मागचा रंग काढून ॲसिडचे शिंतोडे मारले की असं होतं. पाठीला प्लायवूड होतं, चहाच्या रंगाचं काहीतरी फासलेलं, आणि स्क्रू स्टारचे, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे. अशा खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराला ते मिळणार कुठून?

दुकानदाराला मी सरळ विचारलं. तो चिडला नाही. "फ्रेम असली है मॅडम. काच तो टूटता ही है." हे मला पटतं. शंभर वर्षांत काच फुटणारच, नवी बसवणं हा गुन्हा नाही. खोटेपणा होता तो नव्या काचेवर म्हातारपण रंगवण्यात. आम्ही नुसत्या चौकटीची किंमत म्हणून तीस हजार बोललो, तो साठच्या खाली येईना, आणि आम्ही निघालो.

निघताना दादांनी विचारलं, "खरंच दीडशे वर्षांचा असता तर टोरांटोच्या ताईला पाठवता आला असता का?" नाही. पुरावशेषांबद्दलचा १९७२ चा कायदा शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना लागू होऊ शकतो, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय वाढवून सांगणाऱ्या विक्रेत्याला "हे वय बिलावर लिहून द्या" म्हटलं की वय बऱ्यापैकी कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

मधल्या काळात वहिनींनी ऑनलाइन "अँटिक फिनिश" आरसेही पाहिले. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची चौकट आणि सोनेरी स्प्रे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मुंबईच्या दमट हवेत एमडीएफ फुगतं, एवढं पुरे.

जोगेश्वरीचा आरसा

जोगेश्वरी पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जो आरसा मिळाला तो पहिल्या नजरेत कुणालाच आवडला नाही. कपाटांच्या मागे आडवा ठेवलेला, धुळीने माखलेला. साध्या सागाची चौकट, कोरीवकाम शून्य, वरच्या दोन कोपऱ्यांना पायऱ्यांसारख्या तीन खाचा. १९३०-४० च्या दशकातल्या आर्ट डेको घडणीची ही खूण. शिवाजी पार्क, माटुंगा, मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर ती गच्चीच्या कठड्यापासून जिन्याच्या ग्रिलपर्यंत सगळीकडे दिसते. (मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलकडच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. शिवाजी पार्कच्या मात्र एकेक करून पडतायत.) दादा खाचांवरून बोट फिरवत म्हणाले, "आमच्या जिन्याच्या कठड्याला अश्शाच होत्या." मी कितीही समजावलं असतं तरी जे झालं नसतं ते तिथे झालं.

काच ४२ बाय २२ इंच. नखाची फट चांगली रुंद. पैलू उथळ, एका कोपऱ्यात किंचित वाकडा. पांढरा कागद धरून पाहिला तर प्रतिबिंबात हलकी उबदार झाक. लांबच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत डोकं हलवलं तर नळी कुठेही वळवळली नाही. यावरून दादांना शंका आली: जुनी काच लहरी असते ना? सगळी नाही. साधी पत्र्याची काच लहरी असायची, पण चांगल्या आरशांची जाड काच दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करत. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच करायची पद्धत ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, आणि मग सपाटपणा स्वस्त झाला. म्हणजे लहर दिसली तर काच बहुधा जुनी, पण नाही दिसली म्हणून नवी ठरत नाही.

पाठीला चार अरुंद फळ्या, सरळ खाचेचे स्क्रू, एका स्क्रूची खाच मध्यापासून सरकलेली. एक फळी सोडवून घेतली, तर काचेमागे विटकरी लाल रंगाचा थर. आणि समोरून बघितलं तर डाव्या बाजूला, बरोबर दोन फळ्यांच्या सांध्यावर, एक काळी उभी रेघ. सांधा थोडा उघडा होता तेवढ्याच लांबीची. खाली आठेक इंचांत तपकिरी-काळे पट्टे, वर चढत विरळ होत गेलेले. सगळ्या डागांची कारणं पाठीवर वाचता येत होती.

मी मोजपट्टी लावली. खालची कड २७ इंचांवर धरली तर डाग ३५ पर्यंत. रेघ डावीकडे काठाला, ४८ च्या खाली संपलेली. ५१ ते ६८ चा पट्टा स्वच्छ.

सांगितले ५५, ठरले ३४ हजार. बिलावर "जुना सागवानी आरसा, काच मूळची" एवढंच लिहून घेतलं. इराणी हॉटेलातला आहे असं तो म्हणाला होता. ते बिलावर आलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

काकू विरुद्ध डाग

घरी आणल्यावर काकूंनी चष्मा लावून खालचे पट्टे पाहिले आणि म्हणाल्या, "हेच नको म्हटलं होतं ना गं मी?"

मग विषाचा प्रश्न. पारा घरात चालतो का? रास्त प्रश्न आहे. जुन्या काळी कथिलाच्या पत्र्यावर पारा ओतून आरसे करत, आणि तसे आरसे जपूनच हाताळावे लागतात. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवायची रीत दाखवली आणि पुढे तीच रूढ झाली. कथिल-पाऱ्याचा आरसा बिघडला की करडी, बारीक चमचमणारी खडबड दिसते; चांदीचा तपकिरी-काळा पडतो आणि त्याच्या पाठीला संरक्षक रंग असतो. हा चांदीचा. मात्र तो लाल रंग शिशाचा असू शकतो, म्हणून पाठ खरवडायची नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही, हे मिस्त्रींना बजावलं.

काकूंनी तोडगा सुचवला: काच काढून नवा थर चढवून घ्या. ओळखीचा काचवाला तयारही होता. मी नको म्हटलं. ऐंशी वर्षं एकाच खाचेत बसलेली काच बाहेर काढताना तडकण्याची भीती असते, जुना थर एकदा धुतला की परत येत नाही, आणि नव्या थराची हमी तो काचवाला देत नव्हता. इतकं सांगून झाल्यावर मी उगाच वर जोडलं, "काकू, जुन्या पैठणीला कुणी नवं अंग लावतं का?"

"लावतात की! माझ्या सासूबाईंच्या पैठणीचा पदर मी नव्या साडीला जोडून घेतलाय. पदर टिकतो, अंग विरतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्या तत्त्वाने बरोबरच होत्या. चेहऱ्याच्या पट्ट्यात डाग असते तर मीही काच बदलाच म्हटलं असतं. म्हणून वाद थांबवून दादांनी आणि मिस्त्रींनी आरसा ठरलेल्या उंचीवर उचलून धरला आणि काकूंना समोर उभं केलं. चेहरा स्वच्छ. खांदे, पदर स्वच्छ. निऱ्यांचा खालचा भाग तेवढा धूसर. काकूंनी पाऊल पुढे-मागे करून पाहिलं. डाग जागचे हलत नव्हते आणि चेहऱ्यावर येत नव्हते. "बरं. पण वाढले तर?" त्या म्हणाल्या. म्हणजे परवानगी मिळाली होती, अटीसह.

टांगणं

वजन सामानाच्या काट्यावर १९ किलो भरलं, त्यातली नऊएक किलो नुसती काच. नव्या टॉवरच्या आतल्या भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या सिमेंटी विटांच्या असतात. त्यात साधी गिट्टी आणि स्क्रू ठोकला तर आज बसतो आणि सहा महिन्यांनी भोकासकट बाहेर येतो. मिस्त्रींनी सागाची एक पट्टी लांबीत तिरपी चिरली. एक भाग एएसी ब्लॉकसाठीच्या लांब अँकरांनी चार ठिकाणी भिंतीला, दुसरा चौकटीच्या मागे, आणि आरसा वरून त्यात अडकवला. तार नाही, हुक नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोळ्या, म्हणजे मागे हवा खेळायला फट राहते. फळ्या मूळच्याच ठेवल्या, फक्त उघड्या सांध्यावर मागून कागदी पट्टी चिकटवली. चौकटीला हलका स्पिरिटचा हात आणि लाखेचं पॉलिश, तासकाम नाही. हे सगळं धरून खर्च ४३ हजारांवर थांबला.

खरी परीक्षा पावसाळ्याची होती. बसवल्यावर खालच्या डागांच्या वरच्या कडेला एक रुपयाचं नाणं धरून मी फोटो काढून ठेवला होता. गणपती झाल्यावर तसाच पुन्हा काढला. डावीकडची रेघ होती तिथेच. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र डाग नाण्याच्या पाव रुंदीने सरकलेला. कारण ओलीचं नव्हतं: कामाच्या मावशी निळा स्प्रे थेट काचेवर मारून पुसत होत्या आणि तो ओघळून खालच्या पट्टीत जात होता. त्यात अमोनिया असला तर चांदीला तो पाण्याहून वाईट. आता फडकं साध्या पाण्यात ओलं करून, घट्ट पिळून, खालून वर पुसायचं आणि शेवटच्या दोन इंचांना कोरडं फडकं, असं ठरलंय.

काकूंची अट चौकटीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवली आहे: डाग ५१ इंचांच्या खुणेला पोचले की काच बदलायची, चौकट ठेवायची. फोटो दर दिवाळीच्या साफसफाईला काढायचा, आणि नाणं तेच वापरायचं.